बैलाच्या आड आलेली बाई

माझ्या वडिलांच्या कपाटात माझ्या लहानपणापासून फिल्मच्या सात डब्या होत्या. सहांवर नीट लिहिलेलं होतं: 'बाजार', 'बाळ चालताना', 'पोळा', असं. सातवीवर त्यांच्याच टाकाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'खराब. टाकू नये.'

वडील गुरांचे डॉक्टर होते. पन्नासएक वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या एका गावी त्यांची बदली झाली. गावाचं नाव मी इथे देत नाही. पाटोद्यापासून जीपने पाऊण तास, एवढंच सांगतो, कारण बैलाचं प्रकरण तिथे अजून मिटलेलं नाही. परदेशी गेलेल्या एका मावसभावाने त्यांना घरगुती सिनेमा काढायचा छोटा कॅमेरा दिला होता. त्याला सुपर एट म्हणतात. करंगळीहून अरुंद फिल्म, एका डबीत सव्वातीन मिनिटं, आवाज नाही.

सातव्या रिळाच्या शेवटी माझी आई आहे. वीस सेकंद. एका पांढऱ्या बैलापुढे ती ताठ उभी आहे, लग्नाच्या फोटोत उभं राहावं तशी. मग तिचे ओठ हलतात आणि ती हसायला लागते. हसता हसता उजवा हात उचलून हलवते, सावकाश, दोन-तीनदा. तेवढ्यात सगळं चित्र कलंडतं, नुसतं आकाश दिसतं आणि फिल्म संपते. त्यानंतर वर्षभरात आई गेली. मी चार वर्षांचा होतो. तिचा चेहरा मला आठवतो तो ह्या वीस सेकंदांतलाच.

ती हात करते तो मला, असं मी आयुष्यभर धरून चाललो होतो. मी बाबांच्या गुडघ्यापाशी उभा असणार आणि ती मला टाटा करत असणार. बाबांना मी हे कधी विचारलं नाही. ते कमी बोलत, आणि आईचा विषय निघाला की पेपर उघडत. गेल्या वर्षी ते गेले आणि मग मला शंका छळायला लागली. टाटा करताना माणूस इतकं हसतं का? विचारायला कुणी उरलं नव्हतं. उरलं असलं तर त्या गावातच.

मी आधी सरळ मार्ग धरला. रिळाची मोबाइलवर प्रत करून घेतली, ओळखीतून तिथल्या सरपंचांचा नंबर मिळवला आणि व्हिडिओ पाठवून दिला. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "मास्तर, आमच्या गावातल्या अण्णा-अप्पा ह्या दोन म्हाताऱ्यांचा इश्वास न्हाई बसत. म्हणत्यात, मोबाइलात आता काय बी बनिवत्यात, मेलेली मानसं बोलाया लावत्यात. खरी पट्टी घेऊन या."

म्हणून पुण्यातल्या शाळेत भूगोल शिकवणारा मी, दसऱ्यानंतरच्या सुट्टीत, ट्रंकेत प्रोजेक्टर, एका खिशात आई आणि दुसऱ्या खिशात बाबांच्या कॅमेऱ्यासाठी नव्या फिल्मची एकुलती एक डबी घेऊन निघालो.

आष्टी

नगरहून एसटीत बसलो. ट्रंक मांडीवर. शेजारी आष्टीच्या बाजाराला निघालेले एक काका होते. त्यांनी माझ्या गळ्यातला कॅमेरा मागून घेतला, उलटा केला आणि पाठीमागची बाजू अंगठ्याने पुसली.

"ह्येच्यात दिसतं कुठं?"

"दिसत नाही. मुंबईला धुवायला पाठवायचं. दोन महिन्यांनी दिसतं."

"आन् खराब निघालं तर?"

"तर खराब."

"आवाज?"

"येत नाही."

काकांनी कॅमेरा दोन्ही हातांनी परत दिला. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "मास्तर, पोरं मोबाइल कावून घेऊन देत न्हाईत तुमाला?"

मला एकच मुलगी आहे आणि तिनेच मला दोन मोबाइल दिलेत, हे मी सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, पण मानलं नाही. आष्टीला उतरल्यावर त्यांनी मला ओढून हॉटेलात नेलं, भजी खाऊ घातली, आणि घरी एक जुना मोबाइल पडून आहे, तो पुढच्या गाडीपर्यंत मागवून घेतो म्हणून हट्ट धरला. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांचं आडनाव मला अठरा वर्षांनी कळलं, तेही चुकून आलेल्या पार्सलावरून. ह्या माणसाने तासाभरात माझं म्हातारपण अंगावर घेतलं होतं. मोबाइल न घेता मी कसाबसा गाडीत चढलो.

पाटोदा

स्टँडवर सरपंच जीप घेऊन आले होते. चाळिशीचे, पांढरे कपडे, उत्साह उतू जाणारा. जीपच्या मागे फ्लेक्स बांधला होता: 'पुण्याचे सुप्रसिद्ध चित्रपट निर्माते यांचे सहर्ष स्वागत'. त्यावर अकरा फोटो होते. माझा नव्हता.

"अहो, मी शिक्षक आहे," मी म्हणालो.

"आसूद्या की. फिलिम काढता ना?"

रात्रीचं जेवण त्यांच्याकडे. येसर आमटी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. येसर आमटी ज्याने खाल्ली नाही त्याला काय सांगावं. भाजून कुटलेला मसाला, वर लालभडक तर्री, पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आणि तिसऱ्याला आपण अजून मागतोय हे ध्यानात येतं. मागायची वेळ मात्र येत नाही. आमच्याकडे 'अजून घेणार का?' अशा सुरात विचारतात की माणूस आपोआप नको म्हणतो. इथे विचारतच नाहीत. ताटावर आडवा हात धरला तर हातावर वाढतील.

वाढता वाढता सरपंचांच्या आई म्हणाल्या, "तुमच्या आईची खरी म्हायती सुंदराबाईला. बारा वर्साची पोर व्हती, डाक्टरच्या घरी दूध घालायची. पर ती उद्या दुपारी जातीया, लेकाच्या टोळीसंगं, कारखान्यावर. नातवंडं सांभाळाया."

ऊसतोडीला गेलेलं माणूस सहा महिने परत येत नाही. "तिला आत्ताच निरोप द्या," मी म्हणालो. माझा घास हातातच राहिला होता.

गाव

कार्यक्रम दहाला ठरला होता, म्हणून एकला सुरू झाला. अंधार हवा होता, तो फक्त सोयाबीनच्या गोदामात मिळत होता. भिंतीवर चादर बांधली. शे-दीडशे माणसं पोत्यांवर बसली आणि सोयाबीनच्या भुश्याने शिंकायला लागली. सुंदराबाईंचा पत्ता नव्हता.

आधी माझा सत्कार झाला. मग फेटा. मग प्रास्ताविक. मग प्रोजेक्टरची पूजा निघाली. इथे दसऱ्याला ट्रॅक्टर, मोटर, शिलाई मशीन सगळ्यांना हळदकुंकू लागतं आणि ह्या यंत्राचा दसरा हुकला होता, हे कुणालाच बरं वाटेना. एका काकूंनी कुंकवाचं बोट थेट भिंगाकडे नेलं. मी तळवा आडवा घातला. कुंकू तळव्याला लागलं. काकूंनी मग तळव्यावरच हळद, अक्षता आणि एक फूल ठेवलं, आणि मी पुढची दहा मिनिटं तो हात तसाच धरून बसलो.

पहिल्या रांगेत दोन खुर्च्यांवर नामदेवअण्णा आणि वैजनाथअप्पा बसले होते. अण्णा ऐंशीच्या घरातले, सगळी हयात शेतीत आणि जनावरांत गेलेली. अप्पांचं किराणा दुकान, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पण जातिवंत बैलांचा नाद अण्णांच्या वरचा. दोघे शेजारी आणि जन्माचे मित्र. मी फिल्म त्यांच्या हातात दिली. अण्णांनी दाराच्या फटीतल्या उजेडात ती धरली, एकेक बारीक चौकट निरखली आणि म्हणाले, "हां. ही खरी हाय. ह्याच्यात घालमेल करता येत न्हाई."

प्रोजेक्टर खडखडला. रस्ता गेला, कोंबडी गेली, दवाखान्याची पायरी गेली आणि चादरीवर आई आली. पुरुषभर उंच. इतकी मोठी मी तिला कधी पाहिली नव्हती.

"सोन्या," अण्णा कापऱ्या आवाजात म्हणाले. "माजा सोन्या हाय ह्यो."

"तुजा कशाचा बे?" अप्पा म्हणाले. "ह्यो आमचा हिऱ्या. शिंगं बघ की."

आकाश आलं आणि फिल्म संपली. "पुन्ना लावा," दोघे एकदम म्हणाले.

मी पुन्हा लावली. आई आली, हसली. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. दीडशे माणसं बैल बघत होती. वशिंडावरून वाद पेटला, मग कानावरून. गोदामाचे दोन तट पडले. अण्णांचं म्हणणं होतं की सोन्याच्या मागच्या मांडीवर डाग होता. तो डाग दिसला की निकाल लागणार होता. पण आई बरोबर तिथेच उभी होती.

"मास्तर," अप्पांनी विचारलं, "बाई मधी येतीया. तिला जरा बाजूला घेता येतंय का?"

"ती माझी आई आहे," मी म्हणालो.

"आवं, आई हाय ते खरं हाय. पर बैलाच्या आड येतीया ना."

पन्नास वर्षांपूर्वी ती आड आली होती आणि आता सरकणार नव्हती. मी सरपंचांना विचारलं, सुंदराबाई कुठे आहेत? तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टरचा कर्णा वाजला. "ते बघा, टोळी निघाली," कुणीतरी म्हणालं.

मी दाराकडे धावलो आणि तिकडे अप्पांनी आपणच तिसऱ्यांदा बटण दाबलं. पाठीमागे खडखड थांबली. वळून पाहिलं तर चादरीवर बैल स्थिर उभा होता आणि त्याच्या शिंगाच्या टोकाला एक तपकिरी बुडबुडा फुगत होता. प्रोजेक्टरच्या भिंगामागच्या फटीत भुसा अडकून फिल्म थांबली होती आणि दिव्याच्या उष्णतेने वितळत होती. बुडबुडा आईच्या खांद्याकडे सरकायला लागला. मी पोत्यांवरून, माणसांवरून उडी मारून वायर उपटली. अंधारात जळका वास पसरला. मोबाइलवर प्रत आहे हे मला माहीत होतं, पण त्या वेळी त्याचा काही उपयोग वाटला नाही.

बॅटरीच्या उजेडात फिल्म सोडवली. एकच चौकट गेली होती. आई शाबूत होती.

"काय जळालं?" अण्णांनी विचारलं.

"उजवं शिंग."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. अप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दोघांचा बैल एकदमच गेल्यासारखं वाटलं.

दारात एक बाई येऊन उभी राहिली. साठी ओलांडलेली, काटक, काखेत नातू, कमरेला पिशवी खोचलेली. मागे ट्रॅक्टरची ट्रॉली गच्च भरलेली: पेट्या, भांडी, सरपण, दोन शेळ्या. मुकादम कर्णा वाजवतच होता.

"डाक्टरचा बाळ कोन हाय?" तिने विचारलं. फेटा बांधलेला चोपन्न वर्षांचा मी पुढे झालो. तिने माझा चेहरा वर-खाली बघितला. "बापावर गेला," ती म्हणाली. "दाव लवकर. मुकादम थांबत न्हाई."

मी भुसा फुंकून काढला आणि चौथ्यांदा फिल्म लावली. एका चौकटीवर प्रोजेक्टर अडखळला, पुढे गेला. आईने हात हलवला. सुंदराबाई खुदकन हसली.

"ती कुणाला हात करतेय?" मी विचारलं. "मला का?"

"तुला? तू कुटं व्हता तितं? तू आमच्या घरी निजला व्हता, माज्या आईपाशी." तिने नातवाला दुसऱ्या काखेत घेतलं. "ती डाक्टरला हात करतीया. डाक्टरला बैल आख्खा पायजे व्हता त्या खोक्यात. डोळा लावून मागं मागं चालले. मागं आमचा उकिरडा. बाईला दिसत व्हता की. सांगायचं सोडून हातानं म्हणती, आजून मागं, आजून मागं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? गेले की कमरंइतके. खोका मातर वर धरला व्हता. बाई खालीच बसली हसून हसून. डाक्टर आदी लई चिडले, मग ते बी हसाया लागले. उकिरड्यात उबं राहून हसत व्हते दोगं बी."

मला आधी वाईट वाटलं. पन्नास वर्षं जपलेला तो हात माझ्यासाठी नव्हताच. मी तर झोपलो होतो. आणि शेवटचं ते आकाश, जे आईच्या जाण्याची खूण म्हणून मी कितीदा बघत बसलो होतो, ते उकिरड्यातून काढलेलं होतं. मग मला बाबा दिसले, कमरेइतके शेणात, कॅमेरा डोक्यावर धरून हसणारे. हसणारे बाबा मी जन्मात पाहिले नव्हते. मी भर गोदामात, फेट्यासकट, रडत होतो की हसत होतो ते मला सांगता येणार नाही.

"ते ऱ्हाऊ द्या," अप्पा म्हणाले. "बैल कुनाचा ते सांग."

"तुमच्या दोगांचा बी न्हाई," सुंदराबाई म्हणाली. "सरकारी वळू त्यो. दवाखान्याचा."

बाहेर कर्णा वाजला. सोन्या आणि हिऱ्याच्या मोठेपणाच्या गोष्टी दोन्ही घरांत तीन पिढ्या सांगितल्या जात होत्या.

"चारा आमचा व्हता," शेवटी अण्णा म्हणाले.

"पानी आमच्या आडाचं," अप्पा म्हणाले.

उकिरडा

जायच्या आधी, मुकादमाला पाच मिनिटं थांबायला लावून, सुंदराबाईने ती जागा दाखवली. दवाखाना पडून गेला होता. आता तिथे सिमेंटचा ओटा होता, पण उकिरडा जिथल्या तिथे होता, फक्त मालक बदलला होता. मी बाबांच्या कॅमेऱ्यात नवी फिल्म घातली. सुंदराबाईला मधे उभं केलं तर अण्णा-अप्पा आले, सरपंच आले, फ्लेक्सवरचे बरेचसे चेहरे आले आणि ट्रॉलीतून उतरून टोळीतल्या बायाही आल्या. कॅमेरा लावला की सगळे श्वास रोखून पुतळे झाले.

"हा फोटो नाही," मी म्हणालो. "हला जरा."

सगळे एकदम डावी-उजवीकडे डुलायला लागले आणि तीन मिनिटं डुलतच राहिले. सरपंच चौकटीत मावत नव्हते.

"मास्तर, मी आख्खा येतोय का?"

"नाही."

"मग जरा मागं व्हा की."

मी डोळा लावूनच मागे झालो. एक पाऊल, दोन पावलं. खडखडत फिल्म पुढे जात होती. काचेतून मला दिसलं, सुंदराबाईचे ओठ हलले, ती हसायला लागली. मग तिने उजवा हात उचलला आणि हलवला, सावकाश, दोन-तीनदा.

मागे काय आहे ते मला ठाऊक होतं. थांबलो असतो तर थांबता आलं असतं. कॅमेऱ्यातला आकडा सांगत होता की अजून पाच-सहा सेकंदांची फिल्म शिल्लक आहे. मी बटणावरचं बोट काढलं नाही आणि मागे पाऊल टाकलं.

मऊ होतं. वास सांगत नाही. कॅमेरा मी वर धरला होता. मंडळी धावत आली, आधी कॅमेरा घेतला, मग मला. ट्रॅक्टर सुटला तेव्हा मी हापशाखाली होतो आणि सरपंच स्वतः पाणी मारत होते. ट्रॉलीत पेट्यांवर बसलेली सुंदराबाई नातवाचा हात धरून हलवत होती. हा मात्र नक्की टाटा होता, आणि नक्की मला होता.

पुणे

फिल्म दोन महिन्यांनी धुऊन आली. भिंतीवर लावली. माणसं डुलली, सुंदराबाई हसली, हात हलला, सगळं कलंडलं आणि आकाश आलं. बाबांच्या आकाशाहून ते थोडं जास्त निळं आहे.

"ह्या आजी तुला टाटा करतायत?" मुलीने विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं, आजोबांपासून. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. ती बसली तशी मी बघत राहिलो. मग रीळ गुंडाळून डबीत ठेवलं, बाबांचा टाक शोधला, दौतीतली शाई वाळली होती म्हणून साधं पेन घेतलं आणि झाकणावर लिहिलं, 'खराब. टाकू नये.'